नाकेदारांनी बारीक केलेला आवाज

रेडिओ ऐकताना नाकेदार डोळे मिटून बसत आणि उजवा हात रेडिओच्या बटणावर ठेवत. एकदा ठेवलेला हात कार्यक्रम संपेपर्यंत उचलत नसत. मधेच डास चावला तर डाव्या हाताने मारत, तपकीर डाव्या हाताने ओढत, आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकींना, चहाचा कपसुद्धा डाव्या हाताला लागेल असाच ठेवावा लागे. मग नाटकात एखादी जागा अशी येई, की त्यांची बोटं किंचित वळत आणि रेडिओ एकदम मुका होई. मिटल्या डोळ्यांनीच ते थोडा वेळ जाऊ देत आणि पुन्हा आवाज मोठा करत. तोवर मधलं वाक्य निघून गेलेलं असे. आमच्या चौलातल्या आईबापांचा, निदान वयात आलेल्या मुलामुलींच्या बाबतीत, देवापेक्षा नाकेदारांच्या त्या दोन बोटांवर जास्त विश्वास होता.

नाकेदार हे काही त्यांचं नाव नव्हे. खाडीवरच्या नाक्यावर गलबतांतला माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. पोतं नुसतं हाताने दाबून ते आत काय आहे ते सांगत म्हणे. नोकरी सुटली तरी तपासणी काही सुटली नाही. दारावर आलेल्या कोळणीची पाटी, वाण्याकडचा गूळ, आमच्या परीक्षेचे पेपर, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. "बघितल्याबिगर पुढं नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गणपतीच्या दिवशी काकी मोदकांचं ताट पदराखाली झाकून देवापाशी नेत आणि म्हणत, नैवेद्याला तरी नाका लावू नका.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. वीज अजून गावात यायची होती आणि आमच्या आळीत रेडिओ एकच, नाकेदारांचा. तो बॅटरीवर चालायचा. त्यांच्या घरामागच्या सुपारीच्या दोन पोफळींना बांधलेली त्याची तार वारा सुटला की हलायची आणि रेडिओ खरखरायला लागायचा. मग आमच्यातलं कोणीतरी धावत जाऊन पोफळ धरून उभं राहायचं. त्याचा उपयोग काय होत होता देव जाणे, पण पोफळ धरणाऱ्याला नाटक ऐकायला मिळायचं नाही एवढं खरं.

त्या वर्षी मुंबईहून दर बुधवारी संध्याकाळी एक मालिका लागायला लागली. नाव होतं 'कुंपणापलीकडे'. दोन शेजारची घरं, मधे कुंपण, अलीकडे मुलगी, पलीकडे मुलगा, आणि दोघांच्या बापांमधून विस्तव जात नाही. मुलगा मांजर शोधायच्या निमित्ताने कुंपणापाशी यायचा आणि मुलीला पाणी घालण्याजोगी झाडं नेमकी तिथेच सापडायची. आज ऐकलं तर कोणी जांभईही देणार नाही, पण आम्हाला तेव्हा त्या मांजराचा म्याव ऐकूनसुद्धा अंगावर काटा यायचा. मी चौदा-पंधराची होते आणि ताई, माझी मोठी बहीण सुधा, अठराची. बुधवारी दुपारपासून आमच्या दोघींचं घरातल्या कामात लक्ष नसायचं.

आईच्या ते नजरेतून सुटलं नाही. पोरींनी असलं काही ऐकावं की नाही, हा प्रश्न तेव्हा आळीतल्या सगळ्याच आयांना पडला होता. रेडिओ स्वतः ऐकून ठरवावं, तर ती दिवेलागणीची, स्वयंपाकाची वेळ. शेवटी आई नाकेदारांनाच विचारायला गेली आणि मीही तिच्या मागोमाग गेले. नाकेदार ओट्यावर सुपाऱ्या निवडत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "माल हलका हाय वहिनी, पण नासका नाय. पाठवा. मी हाय ना बसलेला." त्या दिवसापासून आळीतले सगळे घोडे आणि घोड्या बुधवारी त्यांच्या पडवीत जमायला लागली. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला, आणि मधे रेडिओवर हात ठेवून नाकेदार.

गाळलेल्या वाक्यांमुळे आमच्या करमणुकीत काही उणं पडलं नाही, उलट भरच पडली. आवाज जायचा तो नेमका मुलीचा बाप काठी आपटत अंगणात यायचा तेव्हा. त्याअर्थी त्याने दोघांना रंगेहाथ पकडलं असणार, हे उघड होतं. कशात पकडलं, यावर घरी जाताना आम्हा मुलींची खूप चर्चा व्हायची. आमच्यातली जी सगळ्यात देवभोळी, उपासतापास करणारी मुलगी होती तिने सुचवलेल्या गोष्टी मला आज या वयातही लिहवणार नाहीत.

घोटाळा एवढाच होता, की जिथे आवाज जायला हवा तिथे तो जात नव्हता. एकदा त्या मुलाने तिच्या वेणीतलं सुरंगीचं फूल मागितलं आणि तिने दिलं. आम्ही माना खाली घालून बटणाकडे बघत राहिलो, पण बोटं हलली नाहीत. आमच्या घरी ही बातमी पोचली तेव्हा आई तडक गेली. हे कसं सुटलं तुमच्या हातून, असं तिने विचारल्यावर नाकेदारांनी फार शांतपणे विचारलं, "फुलाला काय झालंय वहिनी?" आई पदर सावरत वळली. जायला निघाली तेव्हा ते म्हणाले, "पोरं कशी हसतात ते बघायचं. एकमेकांसंगं हसली, तर ऐकू द्यावं. कुणाला तरी हसायला लागली, की आवाज बारीक करावा." आईला ते काही फारसं पटलं नाही. घरी येऊन ती म्हणाली, की म्हातारपणाने नाकेदारांचा हात जड झालाय.

दिवाळीत मुंबईची मावसबहीण आली तेव्हा आम्ही तिला कोपऱ्यात घेतलं. तिच्या घरी रेडिओवर कोणाचा हात नव्हता. ताईने तिला एकेक प्रसंग आठवून विचारला: बाप काठी आपटत आला, मग पुढे काय? मावसबहिणीने आठवून आठवून सांगितलं. बाप म्हणतो, तुझ्यासारखीला विहिरीत ढकलायला हवं होतं. बाप म्हणतो, मला मुलगी नाही असं मी लोकांना सांगेन. तो असं काही बोलला, की तिकडे स्टुडिओत मागे बसलेले लोक खो खो हसायचे, कारण तो बाप विनोदी होता. आम्ही फार खट्टू झालो. एवढे दिवस ज्या जागांवर आम्ही इतकी मेहनत घेतली होती, तिथे प्रेमाचा एक शब्दसुद्धा नव्हता. मी ते विसरूनही गेले. ताईने मात्र त्या दिवशी ताटातलं तसंच ठेवलं.

नाकेदारांच्या घरात मला एरवीही थोडी भीती वाटायची. आवाज गेला की त्या पडवीत एक विचित्र शांतता पसरायची. लांबून समुद्राची गाज यायची आणि परसात विहिरीचा रहाट वाऱ्याने कुरकुरायचा. तेवढ्यात नाकेदार डोळे उघडून आतल्या दाराकडे बघून विचारत, "विहिरीवर कोण हाय गो?" काकी पडवीत कधी येऊन बसत नसत, त्या आतल्या दारात उभं राहून ऐकत. त्या म्हणत, "कोण नाय." मग नाकेदार डोळे मिटत आणि नाटक पुढे सुरू होई. दर वेळी हेच. नारळचोरांच्या धास्तीने विचारतात, अशी आमची समजूत. पण एकदा काकींना उत्तर द्यायला उशीर झाला, तेव्हा नाकेदारांचा चेहरा मी पाहिला. तो चोरांना भ्यालेल्या माणसाचा चेहरा नव्हता. त्यांना एक मुलगी होती, मालू, आणि ती पूर्वीच वारली, एवढंच आम्हा मुलांना ठाऊक होतं. तिचा विषय आळीत कोणी काढत नसे.

आणि मग आमच्याच घरात 'कुंपणापलीकडे' सुरू झालं. ताईने अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, एका बुधवारी सकाळी सांगितलं, की रेवदंड्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणाऱ्या मास्तरांशी तिला लग्न करायचं आहे. मास्तर दिघीचे, स्वभावाने गरीब, चित्रं छान काढायचे, पण आमच्यातले नव्हते. अण्णा अलिबागच्या कोर्टात कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची भांडणं लिहून घेणाऱ्या माणसाला आपल्या घरात एक उभं राहिलेलं सोसलं नाही. ते ओरडले नाहीत, हेच वाईट. न जेवता ते अलिबागला गेले आणि संध्याकाळी परत आले तेव्हा सगळं ठरवून आले होते. उद्या सकाळपर्यंत तिने नाद सोडल्याचा शब्द द्यायचा, नाही तर ते तिच्या नावाने आंघोळ करणार.

आता हे समजावून सांगावं लागतं. घरातलं माणूस मेलं, की आपल्याकडे डोक्यावरून आंघोळ करतात. पोटचं माणूस जिवंत असताना बापाने तशी आंघोळ केली, की त्या घरापुरतं ते माणूस मेलं. पुन्हा त्या मुलीचं नाव निघत नाही, ती दारात आली तर तिला कोणी पाणी विचारत नाही. हे नुसतं बोलायचं म्हणून बोलणारे बाप पुष्कळ. अण्णा त्यांतले नव्हते, ते बोलले की करत. आई चुलीपाशी तशीच बसून राहिली. ताई म्हणाली, "शब्द मी मास्तरांना दिलाय," आणि आत जाऊन आपली लुगडी घडी करायला लागली. मी इतकी घाबरले, की मला रडूही येईना.

अण्णांना या सगळ्याचं मूळ रेडिओत दिसलं. त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि ते नाकेदारांकडे निघाले. मी लपतछपत मागोमाग. पडवीत नेहमीची मंडळी जमली होती आणि नाटक सुरू झालं होतं. अण्णा ओट्याखालूनच म्हणाले, की नाकेदार, तुमच्या भरवशावर पोरगी पाठवली आणि तुम्ही तिचं हे करून ठेवलंत, उद्या मला तिच्या नावाने आंघोळ करायची पाळी आणलीत. मुलं टकमका बघायला लागली. नाकेदारांनी डोळे उघडले, पण बटणावरचा हात काढला नाही. डाव्या हाताने त्यांनी अण्णांना बसा अशी खूण केली. वडीलधाऱ्या माणसाची खूण अण्णांना मोडवली नाही. ते पडवीच्या काठावर टेकले.

रेडिओत काठी वाजली. आम्ही सगळ्यांनी नाकेदारांच्या बोटांकडे पाहिलं. बोटं वळली नाहीत. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा त्या बापाचा आवाज ऐकला. घोगरा, गमतीदार आवाज होता. तो मुलीला म्हणाला, की तू या उंबऱ्याबाहेर पाय टाकलास की मला मेलीस. मागचे लोक हसले. आमच्या पडवीत कोणी हसलं नाही. नाकेदारांनी रेडिओ बंद केला.

त्यांचं लक्ष अण्णांवर होतं. अण्णा मुलांना घरी जायला सांगत होते, तेव्हा नाकेदार म्हणाले, "बसू देत पोरं. हे त्यांनी ऐकण्याजोगं हाय."

मग ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत सांगते, कारण त्यातला एकही मी विसरलेले नाही. "अण्णा, मी केली आंघोळ. मालू जिती होती तवा केली. तिनं आपल्या मनानं लगीन लावलं आणि जोडीनं पाया पडायला आली. मी दार लावून घेतलं, मागं विहिरीवर गेलो आणि तिच्या नावानं पोहरा डोक्यावर घेतला. ती पुढं फाटकात उभी व्हती. तिनं पाणी पडलेलं ऐकलं, अण्णा. तुम्हीच तवा म्हणालात, बाप असावा तर नाकेदारांसारखा."

अण्णांनी मान खाली घातली. ते तसं म्हणाले होते, आळीतले सगळेच म्हणाले होते.

"वरीस झालं नाय तो जावई सांगत आला, बाळंतपणात गेली. मी विहिरीवर गेलो. पोहरा वर आणला आणि हात चालंना. कसली आंघोळ करणार? ती तर मी तिच्या जितेपणीच करून बसलेलो. हिला सांगितलं, आपली मागंच झालीय. हिलापण करू दिली नाय." आतल्या दारात काकी उभ्या होत्या, त्यांनी चौकट घट्ट धरली होती. नाकेदार पुन्हा अण्णांकडे वळले. "तवापासून मला तिथं पाणी पडलेलं ऐकू येतं. तुम्ही उद्या आंघोळ कराल ती पाच मिन्टांत होईल. मग ते पाणी तुम्हालाच ऐकत बसायला लागेल, ते बघा."

अण्णा उठले. घरी येऊन ते ओट्यावर अंधारात बसले आणि आईने जेवायला बोलावलं तरी आत आले नाहीत. सकाळी मी आणि ताई खिडकीतून बघत होतो. अण्णा नेहमीप्रमाणे टॉवेल खांद्यावर टाकून विहिरीवर गेले, पोहऱ्याची दोरी हातात घेतली आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग दोरी ठेवून परत आले. आंघोळ केल्याशिवाय ज्याने उभ्या जन्मात पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता, तो माणूस पारोसा चहा प्यायला आणि पारोसाच कोर्टात गेला. जाताना ताईकडे न बघता म्हणाला, "त्या मास्तरांना रविवारी जेवायला बोलवा." ताई दाराआड बसून रडली आणि तिच्याबरोबर मीही.

त्यानंतरही बुधवार भरत राहिले, पण नाकेदारांनी पुन्हा कधी बटणावर हात ठेवला नाही. काठी वाजली की ते फक्त आमच्याकडे बघत, कोणी हसतंय का म्हणून. मालिकेच्या शेवटी ते कुंपण पडलं आणि दोन्ही बाप एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. नाकेदार म्हणाले, "एवढं सोपं नसतं." आणि तपकीर ओढायला उठून गेले. विहिरीवर कोण आहे हे विचारणं मात्र त्यांचं सुटलं नाही. अण्णांचं घर वाचवलं म्हणून त्यांचं स्वतःचं काही सुटलं असेल, असं मला अजूनही वाटत नाही.

आता माझी सून मला विचारते, की आई, मुलीच्या मोबाइलवर ही प्रेमाबिमाची हसरी मालिका चालू आहे, बघू देऊ का? मी नातीच्या शेजारी जाऊन बसते. पडद्यावर कोण कोणाला मिठी मारतंय तिकडे माझं फारसं लक्ष नसतं. ती हसते कशाला, ते बघते. एखाद्या जाड्या मुलीची, गरीब बापाची फजिती होते आणि ती हसते, तेव्हा मी तिच्या हातातून मोबाइल घेते आणि आम्ही त्याबद्दल बोलतो. सुनेला वाटतं, सासूबाई म्हातारपणी सैल झाल्या.

ताईचं लग्न होऊन ती दिघीला गेली. दर वर्षी माहेरपणाला यायची आणि आली की आधी नाकेदारांच्या पाया पडून मग आमच्या घरात शिरायची. ती माहेरी आलेली असतानाच ते गेले. सकाळी ओट्यावर सुपाऱ्या वाळत घालता घालता खाली बसले ते उठलेच नाहीत. अण्णांनी खांदा दिला. पुरुष समुद्राकडे गेल्यावर आम्ही बायका काकींना घेऊन परसातल्या विहिरीवर गेलो. ताईने पाणी काढलं, काकींच्या डोक्यावर घातलं, मग आम्ही सगळ्यांनी आंघोळी केल्या. काकी तोवर रडल्या नव्हत्या. ओल्या लुगड्याने त्या विहिरीच्या काठाशी नुसत्या बसून होत्या. गारठतील म्हणून आईने त्यांना उठवायला हात पुढे केला.

काकींनी तो हात बाजूला केला आणि ताईचं मनगट धरलं. "सुधे, अजून एक पोहरा काढ," त्या म्हणाल्या. "मालूची राहिली हाय."

ताईने पोहरा विहिरीत सोडला. भरलेला वर ओढताना मीही दोरीला हात लावला. पोहरा काठावर आला, तो काकींनी आम्हाला धरू दिला नाही. स्वतःच दोन्ही हातांनी उचलला आणि डोक्यावर ओतून घेतला, आणि मग त्या मोठ्याने रडल्या.